ओल्या लाकडाचे प्रश्न

प्रोफेसर बिन्सार हुतागालुंग दरवर्षी पहिल्या तासाला एकच वाक्य बोलायचे. "ज्याची भुवई एकदाही करपली नाही, त्यानं आगीवर तोंड उघडू नये." मग स्वतःच्या उजव्या भुवईवरून बोट फिरवायचे. तिथं केस बेताचेच होते. इंडोनेशियातल्या मेदान शहरातल्या त्या कॉलेजात मुलांच्या पिढ्या हे वाक्य ऐकून घाबरत आल्या. दामेरिया सियान्तुरी मात्र पहिल्याच सत्रात प्रयोगशाळेतून भुवई करपवून आली आणि त्यांच्या दारात उभी राहिली.

"बापाक, आता बोलू का?"

प्रोफेसरांनी तिच्याकडे पाहिलं, आतून मलमाची डबी आणून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी हे लाव. मग बोल."

तेव्हापासून ती त्यांची लाडकी झाली. त्यात नात्याचा धागाही निघाला. दामेरियाची आई हुतागालुंग कुळातली, म्हणजे प्रोफेसर तिचे तुलांग, मामा. रक्ताचे जवळचे नव्हते, पण बाताक जमातीच्या माणसाला त्यानं काही फरक पडत नाही. कुळ जुळलं की मामा तो मामा, आणि मामाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही. कॉलेजात ती त्यांना 'बापाक', म्हणजे सर, म्हणायची. चर्चच्या पायऱ्यांवर आणि लग्नाच्या मांडवात तेच 'तुलांग' व्हायचे, आणि ते तिला 'बेरे', म्हणजे भाची, अशी हाक मारायचे.

पुढं ती डॉक्टरेटसाठी जपानला गेली आणि परत आली ती बदलूनच. प्रोफेसरांच्या लेखी बिघडून. आग तिनं सोडली नव्हती, पण ती आता बर्नरपुढं कमी आणि कॉम्प्युटरपुढं जास्त बसायची. तिनं एक प्रोग्राम लिहायला घेतला होता. नाव ठेवलं 'पेलिता', म्हणजे दिवा.

पेलिताचं काम काय, हे ती वर्गात लग्नाचं उदाहरण देऊन सांगायची.

"बाताक लग्नात माणसं किती असतात?"

"मोजता येत नाहीत, इबू!" पोरं ओरडायची. 'इबू' म्हणजे बाई.

"तसंच आगीचं आहे. साधं पामचं तेल जळतं, तेव्हा आत हजारो लहानलहान क्रिया चालू असतात. सगळ्या कॉम्प्युटरला सांगितल्या तर तो आठवडाभर मान वर काढत नाही. आता मला सांगा, लग्नातून कुणाला वगळलं तरी लग्न लागेल?"

"नवऱ्याच्या मित्रांना!"

"जेवायला येणाऱ्या शेजाऱ्यांना!"

"आणि मामाला वगळलं तर?"

"मारामारी होईल, इबू!"

"झालं. पेलिता तेवढंच करतो. कुणाला वगळून चालेल आणि कुणाला नाही, ते शोधतो. उरलेल्या थोड्या क्रियांवर आगीचं गणित दुपारच्या चहापर्यंत सुटतं."

हा प्रोग्राम तिनं कुणाला विकला नाही, कुलुपातही ठेवला नाही. इंटरनेटवर उघडा टाकला. कुणीही घ्यावा, आतली ओळ न् ओळ वाचावी, चूक दिसली तर सांगावी, जमलं तर सुधारून परत पाठवावी. त्यासाठी एक पान होतं. तिथं कुणीही प्रश्न विचारायचा आणि दामेरियानं किंवा तिच्या विद्यार्थ्यांनी उत्तर द्यायचं.

प्रोफेसरांना हे मुळीच पटलं नाही.

"घरचं जेवण गल्लीत नेऊन वाढतेस?" ते म्हणाले. "आणि जेवणार कोण? ज्यांनी काडी पेटवलेली नाही, ते!"

"तुलांग, जपानमध्ये मी ज्या प्रोग्रामांवर शिकले, तेही कुणीतरी असेच गल्लीत वाढले होते."

"मग तूही वाढ. पण त्याला संशोधन म्हणू नकोस."

हे बोलणं हसण्यावारी गेलं असतं. पण पुढच्याच वर्षी तिच्या बढतीची समिती बसली आणि अध्यक्ष होते प्रोफेसर बिन्सार. दामेरियाच्या अर्जात शोधनिबंध थोडे होते आणि पेलिता होता. प्रोफेसरांनी पेलितापुढं आडवी रेघ मारली. 'हे काम नव्हे' एवढंच मत दिलं. बढती गेली.

दामेरिया घरी आली आणि आईसमोर धुमसत राहिली. आई तिलापियाचे खवले काढत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"तुलांग आहेत ते. त्यांच्यावर आवाज चढवायचा नाही."

"आवाज कुठं चढवतेय? पण ते चुकलेत, आई."

"चुकले असतील. तू बरोबर आहेस ना? मग बरोबरच राहा. भांडायला वेळ कशाला घालवतेस?"

दामेरिया भांडली नाही. चर्चमध्ये भेटल्यावर ती वाकून हात मिळवायची, तेही तब्येत विचारायचे. फक्त आगीविषयी दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. आधी तासन्‌तास वाद घालणारी माणसं आता हवापाण्यावर बोलून निघून जायची. बढतीपेक्षा तिला हेच जास्त लागलं होतं. पुढं यथावकाश निबंध जमले, बढतीही मिळाली. प्रोफेसर निवृत्त होऊन घरी बसले. त्यांची खोली तिला मिळाली. खोलीतला त्यांचा जुना पितळी बर्नर तिनं हलवला नाही. पुसून, झाकून खिडकीशी तसाच ठेवला.

पेलिता मात्र वाढत गेला. चिलीतून, पोलंडमधून, केनियातून लोक तो वापरायला लागले. दामेरियानं वर्गात एक प्रथाच पाडली. नव्या मुलांचा पहिला गृहपाठ, पेलिता मोडून दाखवा. ज्याला मोडता येईल त्याला पैकीच्या पैकी गुण. मुलं ईर्ष्येनं तुटून पडायची, आणि मोडता मोडता आग शिकून जायची. अशीच मोडता मोडता शिकलेली मुलगी म्हणजे नुरासिया. पान्याबुंगानची, मांदाइलिंग मुसलमान घरातली, डोक्याला फिकट हिरवा रुमाल आणि जिभेला धार. पेलिताच्या पानाची राखण दामेरियानं तिच्यावर सोपवली होती. बाहेरून आलेली कुठलीही दुरुस्ती नुरासियाच्या नजरेखालून गेल्याशिवाय आत जात नसे.

एके सकाळी नुरासिया तणतणत खोलीत आली.

"इबू, हा बघा नवीन माणूस. 'ओलं लाकूड' म्हणे नाव! विचारतोय, प्रोग्राम उघडायचा कसा. पहिल्या पानावर लिहिलंय ते!"

"मग पुन्हा सांग."

"सांगितलं. आता विचारतोय, कॉम्प्युटर स्वल्पविरामावरून का रुसलाय. हा माणूस आपला वेळ खातोय, इबू."

"नुरासिया, तू पहिल्यांदा इथं आलीस तेव्हा काय विचारलं होतंस?"

नुरासियाला ते आठवत होतं. गॅसची तोटी कुठल्या बाजूला फिरवल्यावर उघडते, हे तिनं विचारलं होतं, आणि ते ऐकून सगळी प्रयोगशाळा हसली होती. दामेरिया सोडून.

"जा, तू तुझं काम कर. ह्या लाकडाला मी बघते."

दामेरिया खरोखरच बघत राहिली. ओल्या लाकडाचे प्रश्न येत राहिले आणि ती उत्तरं देत राहिली, वर्गातल्या पोराला द्यावीत तशी. कधी तो एकच प्रश्न पुन्हा विचारायचा आणि खाली लिहायचा, 'काल समजल्यासारखं वाटलं होतं.' ती पुन्हा दुसऱ्या बाजूनं सांगायची. हळूहळू प्रश्नांची जात बदलली. स्वल्पविराम मागं पडले. एक दिवस त्यानं विचारलं, 'कोळशाच्या भट्टीतला गॅस ओला असेल, म्हणजे त्यात वाफ मिसळलेली असेल, तर ज्योतीचा वेग तुमचा दिवा जास्त दाखवतो असं मला वाटतं. तपासावं.'

दामेरियानं लिहिलं, 'तुम्ही वाफेचं प्रमाण भरताना चुकला असाल.'

तो चुकला नव्हता. त्यानं सगळं पुन्हा भरून पाठवलं. तिनं हवेचं तापमान पाहायला सांगितलं. त्यानं तेही दाखवलं आणि शेवटी एक ओळ टाकली. 'इबूंचा दिवा हुशार आहे, पण पावसाळ्यात चूल पेटवायची वेळ त्याच्यावर कधी आलेली दिसत नाही.'

दामेरिया मोठ्यानं हसली. "जिभेला मीठ आहे हो ह्याच्या," ती नुरासियाला म्हणाली. पण परीक्षा जवळ आल्या होत्या, उत्तरपत्रिकांचा ढीग पडला होता. तो प्रश्न 'पाहू' म्हणून तसाच राहिला.

मग लिंतोंगहून मारिहोतचा फोन आला. मारिहोत तिचाच जुना विद्यार्थी. वर डोंगरात कॉफीवाल्या बायकांच्या सहकारी संस्थेसाठी त्यानं कॉफी वाळवायची भट्टी बांधली होती. तिकडं ऊन म्हणजे पाहुणा, दोन घटका आला की गेला. म्हणून मारिहोतनं मक्याची दाणे काढलेली कणसं आणि कॉफीची टरफलं कोंडून जाळून गॅस करायचा आणि त्या गॅसवर बर्नर चालवायचा असा बेत केला. बर्नरचं तोंड केवढं ठेवायचं, गॅस किती जोरात सोडायचा, हे त्यानं पेलितावर काढलं होतं.

"इबू, ज्योत टिकतच नाही," तो रडकुंडीला आला होता. "पेटते, बर्नरच्या तोंडावरून उचलली जाते आणि फुस्स! बायका हसतात मला. म्हणतात, मारिहोतच्या आगीला पाय फुटलेत."

दामेरिया शनिवारी गाडी काढून वर गेली. भट्टीच्या शेडमध्ये संस्थेच्या बायका ओल्या कॉफीच्या ढिगांपाशी हातावर हात ठेवून बसल्या होत्या. मारिहोतनं गॅस सोडला, काडी लावली. निळसर ज्योत उठली, थरथरली, बर्नरपासून वेगळी होऊन क्षणभर हवेत तरंगली आणि विझली.

"बघा, चालली!" एक म्हातारी म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

दामेरिया हसली नाही. तिनं मक्याची कणसं हातात घेऊन दाबली. ओली होती. म्हणजे गॅसही ओला, वाफेनं भरलेला. पेलिताच्या हिशेबानं ही ज्योत चपळ असायला हवी होती. समोरची ज्योत संथ होती, म्हणून अंगावर येणारा गॅस तिला झेपत नव्हता. आणि हेच कुणीतरी तिला मागं सांगितलं होतं, पुन्हा पुन्हा, वैतागून, टोमणा मारून.

"मारिहोत, गॅस कमी कर आणि तोंड मोठं करायचं बघ. तात्पुरतं चालेल," ती म्हणाली. "चूक तुझी नाही, माझी आहे."

"तुमची कशी, इबू?"

"ते शोधायलाच चाललेय."

परत आल्यावर तिनं पेलिताचं पोट उघडलं. जुन्या ओळी, तिच्याच हातच्या, जपानहून आल्या आल्या लिहिलेल्या. नुरासियाला शेजारी बसवलं आणि दोघी ओळीमागून ओळ वाचत गेल्या. शेवटी सापडलं. कुणाला वगळायचं हे ठरवताना प्रोग्राम एवढंच बघत होता की आगीच्या कामात प्रत्यक्ष हात कोण लावतो. वाफ हात लावत नाही. पण आगीतले तापलेले, धावते कण तिच्यावर येऊन आदळतात, त्यांची ऊर्मी उतरते आणि आग संथ होते. आदळून घेण्याचं तिचं हे वजन प्रोग्राम कणांची छाटणी करताना पुसून टाकत होता.

"लग्नात कोपऱ्यात पानसुपारी चघळत बसलेली आजी," नुरासिया हळूच म्हणाली. "काम काडीचं नाही करत, पण ती बसलीये म्हणून पोरं दंगा करत नाहीत."

"आणि मी तिलाच घरी पाठवलं," दामेरिया म्हणाली.

कोरड्या इंधनात ह्यानं काही बिघडत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही. ओल्यात बिघडत होतं. आणि ओल्या इंधनावर पेलिता वापरणारे लोक होते. तिचा स्वतःचा एक गाजलेला निबंधही त्यातच मोडत होता.

विभागप्रमुखांनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. सज्जन माणूस, पण कॉलेजच्या नावाला फार जपणारा.

"दुरुस्ती करा ना गुपचूप. नवी आवृत्ती काढा, जुनी विसरून जातील लोक. डांगोरा कशाला पिटायचा?"

"बापाक, कुणीतरी ह्यावर भट्ट्या बांधल्यात."

"निबंध मागं घ्यावा लागेल. नाव जाईल."

"नाव जाईल ते माझं," दामेरिया म्हणाली. "ज्योत विझून शेडमध्ये गॅस कोंडला तर दुसऱ्या कुणाचा तरी जीव जाईल."

त्याच दुपारी तिनं पेलिताच्या पानावर सगळ्यात वर लिहिलं. चूक काय आहे, कुठल्या ओळीत आहे, कुणाकुणाचे आकडे चुकलेले असू शकतात आणि तोवर कशी काळजी घ्यावी. शेवटी लिहिलं, 'ही चूक ओलं लाकूड यांनी आधीच दाखवली होती. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. क्षमस्व.' मासिकाला निबंध मागं घेण्याविषयी कळवलं. वर्गात जाऊन मुलांनाही फळ्यावर सगळं समजावून सांगितलं. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "इबू, म्हणजे पेलिता मोडला! गुण कुणाला?" आणि वर्गात हशा पिकला. हसता हसता दामेरियाच्या मनावरचा दगड थोडा हलका झाला.

उत्तरं यायला लागली. दोनचार कडवट होती. पण बहुतेकांनी स्वतःचे आकडे तपासून पाठवले. पोलंडच्या एका बाईनं लिहिलं, 'आमचेही जुळत नव्हते. आम्हाला वाटायचं आमचीच चूक.' ते वाचून दामेरिया खिडकीशी जाऊन नुसती उभी राहिली. तिच्या नावाला घाबरून किती जण गप्प बसले असतील, हा विचार तिला आत्तापर्यंत शिवलाही नव्हता.

सुट्टी लागल्यावर पेलिता वापरणाऱ्यांचा मेळावा मेदानमध्येच भरवायचं ठरलं. दामेरियानं ओल्या लाकडाला आग्रहाचं बोलावणं केलं. तिकडून एवढंच आलं, 'गुडघे दुखतात. पाहतो.'

"गुडघे?" नुरासिया म्हणाली. "मला वाटलं होतं, कुणीतरी शाळकरी पोरगा आहे."

मेळाव्याच्या सकाळी सभागृह भरलं होतं. पेनांगहून, हनोईहून माणसं आली होती. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर नुरासियानं 'ओलं लाकूड' अशी चिठ्ठी लावून ठेवली होती आणि पोरं पैजा मारत होती, कोण असेल. तेवढ्यात दारातून काठी टेकत प्रोफेसर बिन्सार हुतागालुंग आत आले. बातिकचा इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. जुनी माणसं उठून उभी राहिली. विभागप्रमुख धावत पुढं गेले.

"बापाक, या, या! मंचावर बसा. कळवलं असतं तर गाडी पाठवली असती."

"मंचावर कशाला? माझी खुर्ची असेल ना," प्रोफेसर म्हणाले. ते रांगेतून चालत गेले, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेऊन वाचली, ती घडी घालून खिशात ठेवली आणि त्या खुर्चीवर बसले.

नुरासियाचा हात तोंडावर गेला. स्वल्पविरामावरून तिनं ह्या माणसाला काय काय लिहिलं होतं ते तिला आठवत असावं.

दामेरिया मंचावरून खाली उतरली.

"तुलांग?"

"काय? ओलं लाकूड म्हातारं असू नये?"

"मला सांगितलं का नाहीत? मी घरी येऊन शिकवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं." त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांत धरली. "तू घरी आली असतीस, वाकून बसली असतीस, आणि माझं चुकलं तरी 'हो तुलांग, हो तुलांग' केलं असतंस. मला शिकायचं होतं, मान नको होता. आणि ज्या पोरीला मी 'हे काम नव्हे' म्हटलं, तिलाच कुठल्या तोंडानं विचारू, स्वल्पविराम कुठं द्यायचा म्हणून?"

"मग सुरुवात कशाला केलीत?"

"तुझी चूक काढायला!" प्रोफेसर एकदम ताठ झाले. "दुसरं काय? तुझा तो निबंध वाचला. माझ्या जुन्या मोजमापांशी जुळेना. मी म्हटलं, माझा बर्नर खोटं बोलत नाही. पण तुझ्या प्रोग्रामात शिरल्याशिवाय ते सिद्ध कसं करणार? शिरलो. आणि आत गेल्यावर..." ते थांबले. सभागृहाकडं वळले आणि वर्गात काढायचे तो आवाज काढला. "आत गेल्यावर कळलं की हे काम आहे. मोठं काम आहे. माझ्या समितीनं तेव्हा उलटं मत दिलं होतं. ते मत चुकलं होतं. झालं. आता पुढचं बोला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दामेरियाला त्यांचा हात हातात घ्यायचा होता, पण त्यांनी काठी पुढं करून तिला मंचाकडं पिटाळलं. "जा, जा. लोक लांबून आलेत."

मेळाव्यानंतरचे दिवस तिच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. प्रोफेसर रोज बेचा, म्हणजे तीनचाकी रिक्षा, करून प्रयोगशाळेत यायचे. खिडकीशी ठेवलेला पितळी बर्नर त्यांनी स्वतः उघडून साफ केला. मुलांना भोवती उभं करून ते ज्योतीचा निळा सुळका दाखवायचे. वाफ वाढवली की तो कसा उंच होतो आणि त्याच्या कोनावरून वेग कसा काढायचा. दामेरिया तेच पेलितावर काढायची. मुलं कधी ज्योतीकडं, कधी पडद्याकडं बघायची. दोघांचा वाद सुरू झाला की सगळी प्रयोगशाळा हातातलं काम टाकून ऐकायची.

"तुमचा बर्नर कडेला थंड पडतो, तुलांग. तेवढा वेग कमी दिसणारच."

"तो मी वजा केलाय! मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंत."

दुरुस्ती लिहायचा मान दामेरियानं त्यांनाच दिला. त्यांनी एका बोटानं टाइप करत ती लिहिली आणि रीतसर पेलिताच्या पानावर पाठवली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. खाली नुरासियाचा शेरा होता. 'दुरुस्ती बरोबर आहे. पण सोबत चाचणी नाही. पुढं कुणी ही ओळ पुन्हा बिघडवली, तर कळणार कसं? चाचणी जोडल्याशिवाय घेता येणार नाही.'

प्रोफेसर लाल झाले. "ही पोर जन्माला आली नव्हती तेव्हा मी ज्योती मोजत होतो! बेरे, हिला सांग काहीतरी."

मामाला नाही म्हणायचं, तेही चारचौघांत! दामेरियानं नुरासियाकडं पाहिलं. पोरीचा चेहरा उतरला होता, पण नजर खाली गेली नव्हती.

"तुलांग, नियम माझा आहे," दामेरिया शांतपणे म्हणाली. "माझ्याही दुरुस्त्या ती परत पाठवते. मागच्या महिन्यात पाठवली."

प्रोफेसरांनी शेरा पुन्हा एकदा वाचला. मग नुरासियाकडं वळून म्हणाले, "चाचणी म्हणजे नक्की काय लिहायचं, ते दाखव."

"बसा, बापाक," नुरासिया म्हणाली आणि स्वतःची खुर्ची त्यांना दिली.

नवी आवृत्ती निघाली तेव्हा मारिहोतनं बर्नरचं तोंड पुन्हा घडवलं आणि दोघांना वर बोलावलं. नुरासियाही निघाली. लिंतोंगला पोचेपर्यंत धुकं खाली उतरलं होतं. शेडमध्ये त्याच बायका, तेच ओले ढीग. मारिहोतनं काडी लावली. ज्योत उठली आणि बर्नरच्या तोंडाशी घट्ट बसली. बायकांनी आधी थोडी वाट पाहिली, चालली की काय म्हणून. ज्योत हलली नाही. मग एकीनं शेगडीवरच्या चाळणीत कॉफी ओतली, दुसरीनं फावडं घेतलं, आणि शेडमध्ये कामाची गडबड सुरू झाली. थोड्याच वेळात वाळत्या कॉफीचा वास सगळीकडं भरला.

प्रोफेसर गुडघ्यांचं दुखणं विसरून बर्नरच्या बाजूच्या झरोक्याशी उकिडवे बसले होते. म्हातारीनं त्यांना गोड कॉफीचा पेला आणून दिला. त्यांनी तो न बघताच घेतला.

"बेरे, इकडं ये."

दामेरिया शेजारी वाकली. ज्योतीच्या टोकाला पिवळसर छटा होती, कधी यायची, कधी जायची.

"हे बघितलंस? हे वाफेचं नाही."

"डांबराचं असेल. टरफलांतून डांबर सुटतं."

"तुझ्या दिव्यात आहे का डांबर?"

"नाही," दामेरिया म्हणाली. "म्हणजे, नीटसं नाही."

"असं!" प्रोफेसर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाड आनंद पसरला. "मग लिहायला लागेल."

"डांबराचे कण केवढे असतात माहितीये का, तुलांग? कॉम्प्युटरचं कंबरडं मोडेल."

"मोडू दे. मोडल्याशिवाय गुण कुठं मिळतात तुझ्या वर्गात?"

नुरासिया मागून म्हणाली, "आधी डांबर मोजायचं कसं ते ठरवा. अंदाजे आकडे मी घेणार नाही."

"ऐकलंस?" प्रोफेसर दामेरियाला म्हणाले. "ही तुझ्यापेक्षा कडक आहे."

घाट उतरताना गाडीत तिघांचं डांबरावरून जे भांडण जुंपलं ते सिबोरोंगबोरोंग गाव येईपर्यंत मिटलं नाही. तिथं चहाला थांबल्यावर प्रोफेसरांनी टेबलावर साखर सांडून तिच्यात बोटानं ज्योत काढली आणि डांबर कुठून शिरतं ते दाखवायला लागले. चहावाली साखरेकडं बघत तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. दामेरिया हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती. करपल्या भुवईनं त्यांच्या दारात उभी असताना ती जशी ऐकत होती तशीच. फरक एवढाच की आता तिला मध्येच 'नाही, तुलांग' म्हणता येत होतं, आणि तसं म्हटल्यावर ते थांबून विचारत होते, "का नाही?"